कागदाचा प्रवास आणि मुद्रणाचा खर्च

भाषाविषयक संशोधनाला वाहिलेल्या या पत्रिकेत कचेरीतील छपाईच्या खर्चाचा विचार करावा, हे काही वाचकांना प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. प्रिंटर किती असावेत, कागद किती लागावा, हा हिशेबनिसाचा विषय. त्यात भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लक्ष का घालावे, अशी शंका सहज उपस्थित होते. तिचे उत्तर दोन प्रकारचे आहे. एक व्यावहारिक : विभागाला मिळणाऱ्या आकस्मिक खर्चाच्या रकमेतूनच टोनर आणि कागद येतो, आणि क्षेत्रीय सर्वेक्षणाचा प्रवासखर्चही बहुधा त्याच रकमेतून भागवावा लागतो. एकाची वाढ म्हणजे दुसऱ्याची कपात होय. दुसरे उत्तर शास्त्रीय आहे : मराठी कचेरीत कागद अधिक का छापला जातो, याची काही कारणे यंत्रांत नसून लिपीच्या संकेतनात आहेत, आणि तेथे हिशेबनीस फारसे साहाय्य करू शकत नाही. या दोन्ही अंगांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. प्रत : कष्टाची व सुलभ

ज्या काळी टंकलेखनयंत्र आणि कार्बन-कागद हेच प्रतीचे साधन होते, त्या काळी एका वेळी निघणाऱ्या प्रतींची संख्या मर्यादित असे. वरची प्रत स्वच्छ, दुसरी-तिसरी वाचनीय आणि त्यापुढील प्रत्येक प्रत अधिकाधिक अंधुक. त्याहून अधिक प्रती हव्या असल्यास मेणकागदावर अक्षरे उमटवून सायक्लोस्टाइल करावे लागे. मेणकागदावरील चूक दुरुस्त करणे कटकटीचे होते. सबब मसुदा हस्तलिखितातच पक्का करून मगच तो टंकलेखकाकडे जाई. म्हणजे विचार आधी आणि प्रत नंतर, हा क्रम साधनांच्या मर्यादेनेच घालून दिलेला होता.

हा क्रम दोन शोधांनी पालटला. चेस्टर कार्लसन याने १९३८ साली कोरड्या पद्धतीने प्रत उमटविण्याचा प्रयोग यशस्वी केला, आणि त्यावर आधारलेले, साध्या कागदावर प्रती काढणारे झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ साली बाजारात आले. पुढे १९८४ पासून टेबलावर मावणारे लेझर प्रिंटर कचेऱ्यांत येऊ लागले. प्रत काढण्याचे कष्ट जवळजवळ नाहीसे झाले आणि त्याबरोबर मसुदा आधी पक्का करण्याची गरजही नाहीशी झाली. आज मसुदा छापूनच वाचला जातो आणि छापूनच सुधारला जातो.

या पालटाची खूण भाषेतही उमटली आहे. ‘झेरॉक्स’ हे एका व्यवसायसंस्थेचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. ‘झेरॉक्स काढणे’ हा प्रयोग आता कोणास परका वाटत नाही. महसुली व्यवहारातील ‘नक्कल’ या शब्दाशी त्याची तुलना उद्बोधक आहे. नक्कल मिळवावी लागते : तिच्यासाठी अर्ज, शुल्क आणि अधिकाऱ्याची सही लागते. झेरॉक्स मात्र ‘काढली’ जाते. तिच्यासाठी कोणाच्या अनुमतीची आवश्यकता नाही. एक प्रत अधिकाराशी बांधलेली, दुसरी केवळ सोयीशी. खर्चाच्या वाढीचे मूळ या दुसऱ्या प्रकारच्या प्रतीत आहे.

२. खर्च कोठे असतो

प्रिंटर विकत घेताना त्याची किंमत पाहिली जाते. परंतु ती खर्चाचा लहान भाग असते. स्वस्त यंत्राचा टोनर महाग असतो आणि त्यातून पाने थोडी निघतात, हे आता सर्वश्रुत आहे. म्हणून तुलना यंत्राच्या किमतीवरून न करता दर पानामागील खर्चावरून केली पाहिजे. पुढील आकडे केवळ रीत स्पष्ट व्हावी म्हणून गृहीत धरले आहेत. प्रत्येक विभागाने तेथे स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, एका विभागात निरनिराळ्या बनावटीचे सहा लहान प्रिंटर आहेत आणि वर्षाला एकूण ६०,००० पाने छापली जातात. लहान यंत्राचा टोनर २,००० रुपयांचा असून त्यातून १,००० पाने निघतात. म्हणजे पानामागे दोन रुपये. कागद पानामागे ६० पैसे. एकूण वार्षिक खर्च १,५६,००० रुपये. आता या सहांच्या जागी सामाईक वापराचे एक मोठे यंत्र आणले, ज्याचा टोनर ६,००० रुपयांचा आहे आणि त्यातून १०,००० पाने निघतात, तर टोनरचा खर्च पानामागे ६० पैसे होईल आणि एकूण खर्च ७२,००० रुपयांवर येईल. यंत्राची किंमत आणि देखभालीचा करार यांचा वार्षिक वाटा त्यात मिळविल्यानंतरही बचत उरते. शिवाय निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांसाठी साठवलेली आणि यंत्र निकामी झाल्यावर कपाटात पडून राहणारी कार्ट्रिजे, हा अदृश्य अपव्यय थांबतो.

येथपर्यंतचे गणित विक्रेताही सांगतो. पुढचे तो सांगत नाही. पान स्वस्त झाले की ते अधिक छापले जाते. मोठे यंत्र वेगवान आहे, छाप सुरेख आहे, म्हणून छपाई ६०,००० वरून ९०,००० पानांवर गेली, तर खर्च ७२,००० वरून १,०८,००० रुपये होतो आणि बचतीचा बराचसा भाग नाहीसा होतो. उलट, कामाची रीत सुधारून पाने निम्मी केली, तर त्याच यंत्रावर खर्च ३६,००० रुपये होतो. तात्पर्य, यंत्रांचे एकत्रीकरण पानाची किंमत कमी करते. पानांची संख्या कमी करण्याचे सामर्थ्य त्यात नाही. ते कागदाच्या प्रवासात आहे.

पाठपोट छपाईविषयीही असाच विवेक हवा. तिने कागद निम्मा होतो, टोनर नव्हे. वरील उदाहरणात ६०,००० पाने ३०,००० कागदांवर बसतील आणि कागदाचा खर्च ३६,००० वरून १८,००० रुपयांवर येईल. टोनरचा खर्च होता तेवढाच राहील. तथापि ए-४ आकाराच्या ८० ग्रॅम प्रतीच्या एका कागदाचे वजन पाच ग्रॅम असते. ६०,००० कागद म्हणजे १२० रिमे, म्हणजेच ३०० किलो. हा भार पुढे कपाटांना वाहावा लागतो, हे लक्षात घेता पाठपोट छपाईचा लाभ कागदाच्या किमतीहून मोठा ठरतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. एका टोनरमधून किती पाने निघतील हा जो आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो ठरावीक नमुन्याचे पान छापून काढलेला असतो. काळ्या टोनरसाठी असे आंतरराष्ट्रीय मानक २००४ साली निश्चित झाले. आपला मजकूर त्या नमुन्यासारखा असेलच असे नाही. देवनागरीत शब्दाशब्दांवर शिरोरेषा आहे, मात्रा आणि वेलांट्या आहेत, आणि शीर्षके ठळक करण्याची आपली सवयही आहे. म्हणून खोक्यावरील आकड्यावर विसंबून न राहता एक टोनर लावल्यापासून संपेपर्यंत आपल्या यंत्राने किती पाने छापली, ते प्रत्यक्ष मोजावे. बहुतेक कार्यालयीन यंत्रांत छापलेल्या पानांची एकूण संख्या पाहण्याची सोय असते.

३. एकत्रीकरणाच्या मर्यादा

एकत्रीकरणास विरोध होतो, आणि तो सर्वस्वी अनाठायी नसतो. प्रश्नपत्रिका, गुणपत्रके, सेवापुस्तकाचे उतारे यांसारखे गोपनीय कागद मार्गिकेतील सामाईक यंत्रावर पडून राहणे इष्ट नव्हे. यावर उपाय आहे : वापरणाऱ्याने यंत्रापाशी जाऊन आपला संकेतांक दिल्यावरच पान बाहेर यावे, अशी योजना करता येते. तिचा आणखी एक लाभ असा की आज्ञा देऊन विसरली गेलेली पाने छापलीच जात नाहीत. परीक्षाकार्यासाठी मात्र कुलूपबंद खोलीत एक स्वतंत्र यंत्र असणे युक्तच आहे.

दुसरा आक्षेप असा की एकच यंत्र असले आणि ते बंद पडले तर सर्व काम ठप्प होईल. म्हणून एकाऐवजी एकाच बनावटीची दोन यंत्रे असावीत. टोनर परस्परांस चालतो आणि एकाच्या दुरुस्तीत दुसरे काम भागवते. तिसरा आक्षेप अंतराचा आहे. ज्यांना जिने चढणे अवघड जाते अशा सहकाऱ्यांकडून प्रत्येक पानासाठी पायपीट करवणे ही काटकसर नसून गैरसोय आहे. नियमाला अपवाद असावेत. मात्र ते गरजेवरून ठरावेत, पदावरून ठरू नयेत. स्वतःच्या टेबलावरील प्रिंटर हा अनेक ठिकाणी मानाचा विषय झालेला असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

४. एका पत्राची गोष्ट

आता कागदाच्या प्रवासाकडे वळू. एक साधे पत्र घेऊ : परिसंवादासाठी बाहेरील व्याख्यात्यास पाठवावयाचे निमंत्रण. लेखनिक मसुदा संगणकावर करतो आणि समन्वयकापुढे छापून ठेवतो. समन्वयक एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. दुसरी प्रत निघते. विभागप्रमुख दिनांक बदलतात, तिसरी निघते. सहीनंतर ती प्रत स्कॅन होऊन विपत्राने जाते. जावक नोंदीसाठी चौथी, नस्तीसाठी पाचवी आणि लेखाशाखेसाठी सहावी प्रत काढली जाते. ज्यांना पत्र पोहोचते ते आपल्या कार्यालयाकडून अनुमती घेण्यासाठी सातवी छापतात. पत्र एक पानाचे, छपाई सात पानांची. आणि प्रत्यक्ष निरोप कागदाने गेलाच नाही.

या सात प्रतींचा उद्देश एकच नाही. पहिल्या तीन दुरुस्तीसाठी, पुढच्या तीन नोंदीसाठी, शेवटची प्रमाणासाठी. उपायही त्याप्रमाणे निराळे आहेत. दुरुस्तीच्या प्रती टाळावयाच्या तर मसुदा पडद्यावरच फिरवावा आणि सुधारणा अंतिम झाल्यावर एकदाच छापावा. वारंवार लागणाऱ्या पत्रांचे शुद्ध नमुने तयार ठेवले, तर प्रत्येक वेळी तीच वेलांटी सुधारावी लागत नाही. नोंदीच्या प्रतींसाठी आवक-जावकाची नोंद आणि पत्राची संगणकीय प्रत एकाच क्रमांकाने जोडावी. मग तीन शाखांनी तीन कागद ठेवण्याचे कारण उरत नाही. प्रमाणाच्या प्रश्नास कायद्याने उत्तर दिले आहे : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखास आणि विहित प्रकारच्या इलेक्ट्रॉनिक सहीस मान्यता आहे. मृत्युपत्रासारखे काही दस्तऐवज त्यातून वगळलेले आहेत. परंतु परिसंवादाचे निमंत्रण त्यांत मोडत नाही.

कागदाचा मार्ग सुधारल्याने कचेरी सुधारते, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयात अभिलेखांची वर्गवारी, मुदत संपलेल्या कागदांचा निपटारा आणि बैठकव्यवस्थेची फेररचना असा कार्यक्रम हाती घेतला, आणि तो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. तेथे प्रश्न छपाईचा नव्हता. तथापि कागद कोणत्या टेबलावर, कशासाठी आणि किती काळ थांबतो, हे आधी पाहावे, ही त्यामागील दृष्टी आपल्या विषयासही तितकीच लागू आहे.

५. खर्चाची बचत आणि खर्चाचे स्थलांतर

येथे एका दोषाचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक वाटते. कार्यालयाचा छपाईखर्च कमी दाखविण्याचा एक सोपा मार्ग आहे : तो दुसऱ्यावर टाकणे. एका विभागात असताना प्रस्तुत लेखकाने ही सूचना स्वतःच फलकावर लावली होती की, प्रगती-अहवालाच्या तीन प्रती विद्यार्थ्यांनी स्वखर्चाने आणाव्यात. विभागाच्या नोंदवहीत टोनर कमी झाला. पण पुढे एका विद्यार्थिनीने सहज विचारले, की तिन्ही प्रती वाचतात कोण? शोध घेता असे आढळले की एक प्रत मार्गदर्शक वाचतात, दुसरी नस्तीत लागते आणि तिसरी कोठे जाते हे कोणासच निश्चित सांगता येईना. तीन प्रतींचा नियम बहुधा कार्बन-कागदाच्या काळचा असावा. साधन गेले, नियम राहिला. जो खर्च आपण वाचविला असे मानीत होतो, तो विद्यापीठाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात, शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्यांच्या खिशातून होत होता.

म्हणून काटकसरीची कसोटी केवळ विभागाचे देयक ही असू नये. कागदाच्या संपूर्ण प्रवासात एकूण किती पाने छापली गेली, आणि त्यांचा भार कोणावर पडला, ही खरी कसोटी होय. जे प्रमाणपत्र विद्यापीठाच्याच दप्तरात आहे, त्याची साक्षांकित प्रत विद्यार्थ्याकडून दरवर्षी मागणे, हा या कसोटीवर टिकणारा व्यवहार नाही.

६. संकेतनाचा प्रश्न

आता लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेल्या शास्त्रीय अंगाचा विचार करू. मराठी मजकूर पडद्यावर पाठविण्याऐवजी छापून पाठविण्याची सवय अनेक कार्यालयांना का जडली? एक महत्त्वाचे कारण जुन्या फॉन्टांत आहे. त्या फॉन्टांत संकेत वर्णाला नव्हे, तर वर्णाच्या आकृतीच्या तुकड्याला दिलेला असे. ‘कि’ लिहिताना दिसण्याच्या क्रमाने आधी वेलांटी आणि मग ‘क’ टंकित होई. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर हा मजकूर उघडला, की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. अशा स्थितीत कागद हेच एकमेव विश्वसनीय माध्यम उरते. छापलेला ‘कि’ सर्वत्र ‘कि’च राहतो. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ साली पहिल्या आवृत्तीपासूनच झाला, आणि तेथे संकेत वर्णाला आहे, उच्चारक्रमाने आहे. तरीही जुन्या फॉन्टांतील नस्त्या आणि जुन्या फॉन्टांची सवय दोन्ही मागे उरल्या.

युनिकोड स्वीकारल्यानेही प्रश्न पूर्णतः सुटत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. त्यातील ‘ऱ्’ दोन प्रकारे संकेतित करता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या शोधाला ते भिन्न असू शकतात. ‘ॲ’ची स्थितीही अशीच आहे, त्याला स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला, त्यापूर्वीचा मजकूर जोडणीने लिहिलेला आहे. परिणाम असा, की ‘कर्मचाऱ्यांची यादी’ या नावाने जतन केलेली संचिका शोधूनही सापडत नाही आणि ती सापडत नाही म्हणून ‘हाती असलेली बरी’ या न्यायाने आणखी एक कागदी प्रत ठेवली जाते. एका अदृश्य चिन्हापोटी कपाटात एक नस्ती वाढते.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथे संकेत एकच असून फरक फॉन्टच्या आकृतीत आहे. मराठी वळणाच्या फॉन्टमध्ये केलेले परिपत्रक दुसऱ्या टेबलावर हिंदी वळणात दिसते, ओळी सरकतात, एक ओळ दुसऱ्या पानावर जाते, आणि सर्व पाने पुन्हा छापली जातात. सर्व संगणकांवर एकच मान्य फॉन्ट ठेवला, तर हा खर्च टळतो. महाराष्ट्र शासनाने देवनागरी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाविषयी ६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय काढलेला आहे. लेखनाचे नियमही १९६२ आणि १९७२ या वर्षांपासून आपल्यापुढे आहेत. त्यांचे पालन ही केवळ शुद्धतेची बाब नसून, वरील पत्राच्या दुसऱ्या प्रतीचा विचार करता, खर्चाचीही बाब आहे.

संशोधकांस तर हा प्रश्न अधिक जवळचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले आणि शोधगंगेत प्रबंध जमा होऊ लागले. परंतु जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेल्या मराठी प्रबंधाची पीडीएफ प्रत ही, शोधाच्या दृष्टीने, चित्रांहून फारशी निराळी नसते. त्यातील एखादे बोलीरूप शोधावयाचे असेल तर पाने चाळावी लागतात, किंवा छापून घ्यावी लागतात. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने उपलब्ध आहेत. तथापि जोडाक्षरे आणि रफार यांच्या ठिकाणी ती चुकतात, म्हणून रूपांतरित मजकूर जाणत्या माणसाने एकदा वाचून घेणे अपरिहार्य आहे. हे काम आपल्या विभागांनी करण्याजोगे आहे, आणि दुसरे कोणी ते तितके चांगले करील असे वाटत नाही.

७. काय वाचवू नये

काटकसर विवेकाने केली नाही तर ती संशोधनाच्या मुळावर येते. क्षेत्रीय कार्यात निवेदकापुढे बसून ध्वनिलेखन करताना कागद-पेन्सिल अजूनही सोयीची आहे. प्रबंधाचे अंतिम मुद्रितशोधन अनेकांना कागदावरच अचूक साधते. पडद्यावर निसटलेला अनुस्वार कागदावर सापडतो, हा अनुभव अनेकांचा आहे. कायम जतन करावयाच्या अभिलेखांची कागदी प्रत, संगणकीय प्रतींची राखणदारी निश्चित झाल्याखेरीज, नष्ट करू नये. ज्या छपाईने वाचन होते ती छपाई खर्च नव्हे. जिच्याने केवळ कपाट भरते ती खर्च होय.

कोणत्याही विभागाने प्रारंभ कोठून करावा? आधी महिनाभर प्रत्येक यंत्रावरील आकडा टिपावा आणि छापलेला कागद कशासाठी होता, एवढीच नोंद ठेवावी : दुरुस्ती, नोंद, प्रमाण की वाचन. नंतर पहिल्या तीन कारणांच्या प्रती कोणत्या नियमाने मागितल्या जातात ते पाहून अनावश्यक नियम रद्द करावेत. संकेतन आणि फॉन्ट एक करावा. आणि हे झाल्यावरच, उरलेल्या पानांच्या संख्येस पुरेशी यंत्रे ठेवून बाकीची परत करावीत. यंत्रे आधी आणि रीत नंतर, हा उलटा क्रम घेतला, तर रांग फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते.

आमच्या विभागात तिसऱ्या प्रतीचा नियम आता उरलेला नाही. उरलेली दुसरी प्रत कोण वाचतो, हा प्रश्न पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. आणि ती विषयपत्रिका, यावेळी, छापलेली नाही.